गाडी कोणत्या सनाची घ्यावी?

जून महिना उजाडला की शाळांच्या आवारात जुन्या पुस्तकांचा एक लहानसा बाजार भरतो. वरच्या वर्गात गेलेला मुलगा आपला संच खालच्या वर्गातून आलेल्यास निम्म्या किमतीत देऊन टाकतो. घेणारा विद्यार्थी चतुर असेल, तर तो वेष्टणाकडे पाहत नाही. तो पहिले पान उलटतो आणि आवृत्ती कोणती आहे ते पाहतो. अभ्यासक्रम बदललेला असेल, तर गेल्या वर्षीचे कोरे करकरीत पुस्तकही त्याच्या कामाचे नसते. उलट नुसते पुनर्मुद्रण झालेले असेल, तर पाच वर्षांपूर्वीचे, कोपरे दुमडलेले पुस्तकही नव्याइतकेच उपयोगी पडते. वस्तूचे वय ही एक गोष्ट आणि वस्तूची आवृत्ती ही दुसरी. या दोहोंतील भेद जो ओळखतो तो खरेदीत सहसा ठकत नाही.

आज मला बोलावयाचे आहे ते मात्र पुस्तकांविषयी नव्हे, तर मोटारसायकलीविषयी. त्यातही अलीकडे तरुणांच्या मनात भरलेल्या, डोंगरवाटा आणि कच्चे रस्ते तुडविणाऱ्या मोटारसायकलीविषयी. हिला ते ‘ॲडव्हेंचर’ गाडी म्हणतात. शाळामास्तराने या विषयावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. उत्तर साधे आहे. शाळा सोडून नोकरीस लागलेला मुलगा पहिल्या दोन-चार वर्षांत जी सर्वांत मोठी खरेदी करतो ती बहुधा मोटारसायकलीचीच असते. त्या खरेदीत त्याची शिल्लक खर्ची पडते, क्वचित घरचे दागिनेही गहाण पडतात. आणि त्याच गाडीवर तो पुढे रोज आपला जीव घेऊन बसतो. तेव्हा हा विषय केवळ हौसेचा मानून चालणार नाही.

या जातीच्या गाडीची लक्षणे ठरलेली आहेत. पुढचे चाक मोठे असते, म्हणजे खड्डा आला तरी ते त्यात अडकत नाही. पोट जमिनीपासून उंच असते, म्हणजे दगड लागत नाही. धक्के पचविणारे दांडे लांब असतात आणि बैठक ताठ असते, त्यामुळे दिवसभर बसूनही कंबर मोडत नाही. जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९८० साली आणलेली ‘आर ८० जी/एस’ ही या घराण्याची मूळ गाडी मानली जाते. आपल्याकडे मात्र बेताच्या किमतीची अशी गाडी सर्वसामान्य तरुणाच्या आवाक्यात आणली ती रॉयल एन्फील्ड कंपनीच्या ‘हिमालयन’ने. ही गाडी मार्च २०१६ मध्ये विक्रीस आली. तेव्हा मुंबईतील दुकानात तिची किंमत एक लाख पंचावन्न हजारांच्या आसपास होती. तिचे यंत्र ४११ घनसेंटिमीटरचे व वाऱ्यावर थंड होणारे, शक्ती साडेचोवीस अश्वशक्तीची, पुढचे चाक एकवीस इंची, बैठकीची उंची ८०० मिलिमीटर आणि पोटाखालची मोकळी जागा २२० मिलिमीटर. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात या जातीच्या ज्या गाड्या मिळतात त्यांत हिमालयनचा भरणा मोठा आहे. म्हणून उदाहरणासाठी मी तीच घेतो.

आता हिच्या आवृत्त्या पाहू. पहिली आवृत्ती २०१६ ची. तीत पेट्रोल हवेशी मिसळण्याचे काम जुन्या पद्धतीचा कार्बुरेटर करीत असे. पहिल्या आवृत्तीत मुद्रणदोष राहावेत तसे झाले. यंत्रातून येणाऱ्या आवाजाविषयी आणि काही भागांच्या टिकाऊपणाविषयी मालकांच्या तक्रारी झाल्या व पुढील उत्पादनात सुधारणा होत गेल्या. दुसरी आवृत्ती २०१७ च्या उत्तरार्धातली. कार्बुरेटर जाऊन तिच्यात इंधन मोजून फवारणारी विद्युत्-नियंत्रित योजना, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, आले. तिसरी आवृत्ती २०१८ च्या उत्तरार्धातली. तीत दोन्ही चाकांना ए.बी.एस. मिळाले. चौथी जानेवारी २०२० ची. ही प्रदूषणाच्या भारत स्टेज-६ या मानकाप्रमाणे बांधलेली. हिच्यात मागच्या चाकाचे ए.बी.एस. चालकाला हवे तेव्हा बंद करता येते. २०२१ साली दिशा दाखविणारी एक छोटी तबकडी, जरा बरी गादी आणि मोठी काच आली, परंतु यंत्र तेच राहिले. पुस्तकाच्या भाषेत हे पुनर्मुद्रण झाले, वेष्टण तेवढे नवे. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात वागातोर येथे कंपनीने भरविलेल्या मेळ्यात नव्या ४५० ची किंमत जाहीर झाली. ती आवृत्ती नव्हे, ते सर्वस्वी निराळे पुस्तकच आहे.

हे बदल कंपनीच्या मनात आले म्हणून त्या त्या वेळी झाले, असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्यामागे कायद्याचा हात आहे. भारत स्टेज-४ मध्ये न बसणारे नवे वाहन १ एप्रिल २०१७ पासून विकू वा नोंदवू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी दिला. मग उरलेला माल खपविण्यासाठी देशभर दुचाकींच्या दुकानांत दोन दिवस कशी झुंबड उडाली, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. १२५ घनसेंटिमीटरवरील दुचाकींना ए.बी.एस. सक्तीचे झाले तेही दोन टप्प्यांत. नव्याने बाजारात येणाऱ्या नमुन्यांना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांना १ एप्रिल २०१९ पासून. भारत स्टेज-६ आले १ एप्रिल २०२० पासून. ज्याला या तीन तारखा पाठ आहेत, त्याला गाडीच्या सनाचे अर्धे गणित सुटलेले असते.

अर्धेच म्हणतो, कारण येथे एक खोच आहे. हे बदल १ जानेवारीस होत नाहीत, वर्षाच्या मध्येच होतात. त्यामुळे ‘२०१७ ची हिमालयन’ या एकाच नावाखाली दोन भिन्न गाड्या फिरत आहेत, एक कार्बुरेटरची व दुसरी फवाऱ्याची. ‘२०१८ ची’ म्हटली तरी तीच गोष्ट. वर्षाच्या आरंभीची ए.बी.एस. नसलेली, अखेरची असलेली. शिवाय विकणारा सांगतो ते पुष्कळदा नोंदणीचे वर्ष असते. कारखान्यातून नोव्हेंबरात निघालेली गाडी दुकानात पडून राहून फेब्रुवारीत नोंदली गेली, तर तिचे वय कागदावर एका वर्षाने कमी दिसते. म्हणून विकणाऱ्यास सन विचारू नये, आर.सी. म्हणजे नोंदणीपत्र मागावे व त्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहावे. मग प्रत्यक्ष गाडी पाहावी. ए.बी.एस. असलेल्या गाडीच्या प्रत्येक चाकाच्या तुंब्याजवळ, ब्रेकच्या तबकडीशेजारी, बारीक खाचांची एक लहान कडी असते. चावी फिरविताच समोर ए.बी.एस. अशी अक्षरे असलेला पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडी चालली की तो विझतो. तो मुळीच लागत नसेल अथवा विझत नसेल, तर सौदा तेथेच थांबवावा आणि आधी कारण शोधावे.

पण या चार आवृत्त्यांतून आपली कोणती? येथे प्रत्येकाने स्वतःच्या रस्त्याला विचारावे. फ्युएल इंजेक्शनचा मोठा गुण उंचीवर दिसतो. लडाखच्या खिंडीत, पाच हजार मीटरांच्या वर, हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. तेथे कार्बुरेटर पहिल्याच प्रमाणात पेट्रोल ओतीत राहतो, यंत्र गुदमरते व धूर ओकते. फवाऱ्याची योजना हवा मोजून पेट्रोल कमी करते. परंतु बेळगावहून पणजीस जाणाऱ्या माणसास एवढी उंची कोठे चढावयाची आहे? त्याला फवाऱ्याचा लाभ एवढाच, की थंड पावसाळी सकाळी गाडी लवकर सुरू होते आणि कार्बुरेटर साफ करण्याची कटकट राहत नाही. लाभ खराच, पण त्यावर जीव अवलंबून नाही. ब्रेकचे मात्र तसे नाही.

ब्रेकचे थोडे समजावून सांगतो. धावत्या चाकाचा जो भाग रस्त्याला टेकतो तो त्या क्षणापुरता रस्त्यावर स्थिर असतो, म्हणून त्याची पकड घट्ट असते. घाबरून ब्रेक जोरात दाबला की चाक जखडते, फिरण्याऐवजी घसरू लागते, आणि घसरत्या रबराची पकड फिरत्या रबराहून कमी असते. त्याहून वाईट म्हणजे जखडलेले पुढचे चाक हँडलचे ऐकत नाही. गाडी जाईल तिकडे जाते आणि बहुधा आडवी होते. चाक जखडू लागल्याचे ए.बी.एस. क्षणार्धात ओळखते व ब्रेकचा दाब सोडून पुन्हा देते. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. कसलेला चालक कोरड्या रस्त्यावर हेच काम बोटांनी करू शकतो. पण रात्रीच्या पावसात, वळणावर अचानक म्हैस आडवी आली असता कसलेपण किती उपयोगी पडते, ते घाटातून येणाऱ्या-जाणाऱ्यांस विचारावे. उलट सैल मातीच्या आणि खडीच्या उतारावर जखडलेले मागचे चाक आपल्यापुढे मातीचा ढीग करते व त्यामुळे गाडी लवकर थांबते. म्हणूनच २०२० च्या आवृत्तीत मागचे ए.बी.एस. बंद करण्याची सोय दिली. पुढच्या चाकाचे मात्र चालूच राहते. जो नेहमी कच्च्या वाटांवरच हिंडतो त्याला ही सोय मोलाची आहे. डांबरी घाटातून जाणाऱ्यास तिची गरज क्वचितच पडते.

माझा एक जुना विद्यार्थी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो. त्याचे घर जांबोटीजवळच्या एका खेड्यात आहे. शनिवारी काम संपले की साखळीवरून चोर्ला घाट चढून कणकुंबीमार्गे तो घरी येतो. पावसाळ्यात त्या पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो ते आपणांस सांगावयास नको. गाडी घ्यावयाची ठरली तेव्हा घरात दोन पक्ष पडले. त्याच्या मनात कर्ज काढून नवी कोरी ४५० घ्यावयाची होती. वडिलांचे म्हणणे, “दोन चाकेच ना? स्वस्तातली, पहिल्या सनातली घे आणि उरलेले पैसे बहिणीच्या फीला ठेव.” बहीण नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, तुम्हीच सांगा, कोणत्या सनाची घेऊ?” मी त्याला म्हटले, “अरे, आधी मला तुझा रस्ता सांग, मग मी सन सांगतो.”

त्याचा रस्ता डांबरी, वळणांचा, ओला आणि रात्रीचा. मग हिशेब मांडला. नवी ४५० मोठी शक्तिमान गाडी खरीच. ४५२ घनसेंटिमीटरचे पाण्याने थंड होणारे यंत्र, सुमारे चाळीस अश्वशक्ती, सहा गिअर. पण ती जाहीर झाली तेव्हाच तिची किंमत दोन लाख एकोणसत्तर हजारांपासून पुढे होती. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरवरील दुचाकींवर चाळीस टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आहे. तिचे हप्ते भरावयाचे तर बहिणीची फी अडली असती. उलट २०१६ ची घेतली असती तर फी भागली असती, परंतु ज्या रात्री त्याची आई दिवा लावून दाराशी बसते त्या रात्री त्याच्या चाकांना ए.बी.एस. नसते. मधला मार्ग उघड होता. २०१८ च्या अखेरीपासून २०२० च्या आरंभापर्यंतची, फवारा व ए.बी.एस. दोन्ही असलेली, भारत स्टेज-४ ची गाडी. स्टेज-६ ची घेतली असती तर ब्रेक बंद करण्याची एक कळ अधिक मिळाली असती. पण तिच्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे त्याच्या रस्त्यावर कारण नव्हते. त्याने २०१९ च्या जूनमध्ये तयार झालेली गाडी घेतली. वडिलांना मी इतकेच म्हटले, की बाबा, फीसाठी काटकसर जरूर करावी, ती गादीत करावी, रंगात करावी, सनातही करावी. ब्रेकमध्ये मात्र करू नये.

याचा अर्थ २०१९ हेच वर्ष सर्वांस शुभ, असा कोणी घेऊ नये. उंची कमी असलेल्या माणसाने वजनाचाही विचार करावा. २०१६ ची गाडी पेट्रोलसह १८२ किलोंची होती, २०२० ची १९९ किलोंची झाली. म्हणजे तेलाच्या पंधरा किलोंच्या डब्याहून जास्त ओझे वाढले. चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करताना तो डबा जाणवतो. जवळ कंपनीची कार्यशाळा नाही, गावचा मिस्त्री जुन्या वळणाचा आहे आणि गाडी दिवसा शेतापर्यंतच न्यावयाची आहे, असा एखादा गृहस्थ कार्बुरेटरच्या गाडीवरही समाधानी राहील. पेट्रोलचाही प्रश्न आहे. २०२५ पासून देशात बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि अशा पेट्रोलास टिकणारे भाग नव्या वाहनांत घालण्याचा दंडक एप्रिल २०२३ पासूनचा. तेव्हा त्याआधीची कोणतीही गाडी घेतली, तर पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात, चिरा दिसताच बदलाव्यात आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवून गाडी उभी ठेवू नये.

सन ठरला म्हणजे परीक्षा संपली असे नाही. आवृत्ती उत्तम असली तरी हाती आलेल्या प्रतीची पाने फाटलेली असू शकतात. म्हणून गाडी पाहावयास सकाळी लवकर, आगाऊ न कळविता जावे. यंत्राला हात लावून पाहावा. ते आधीच गरम असेल तर विकणाऱ्याने थंड यंत्राची कुरकुर लपविली असा संशय घ्यावा. ४११ ला पायाने मारावयाची किक नाही. म्हणून बॅटरीचा जोर बटण दाबून पाहावा. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवावे. मध्यावर अडकल्यासारखे वाटले तर आमचे मिस्त्री ज्याला कोनसेट म्हणतात ते बेअरिंग गेले आहे. चाकांच्या तारा एकेक वाजवून पाहाव्यात, त्यांत बद्द आवाजाची तार सैल समजावी. सांगाड्याचे सांधे, विशेषतः सामान बांधण्याच्या कड्यांजवळचे, कापडाने पुसून तडा नाही ना ते पाहावे. या गाडीच्या टायरांत ट्यूब असते, तेव्हा पंक्चर काढण्याचे सामान बरोबर मिळते का, हेही विचारावे. वेळच्या वेळी तेल बदलल्याच्या पावत्या जपून ठेवणाऱ्या मालकाची २०१८ ची गाडी, पावत्या नसलेल्या २०२१ च्या गाडीहून मी केव्हाही पसंत करीन.

सीमाभागात राहणाऱ्यांसाठी शेवटची सूचना कागदपत्रांची. आपल्याकडे कोल्हापूर, बेळगाव व गोवा या तिन्ही बाजारांत गाडी पाहण्याची सोय आहे आणि स्वस्त दिसली की परराज्यातली उचलण्याचा मोह होतो. परराज्यातली गाडी घेताना तेथील आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आधी हाती घ्यावा. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ व ३० त्याच्यापुढे. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याबद्दल धनकोच्या सहीचा फॉर्म ३५ अवश्य पाहावा. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवले, तर तेथे नवा नोंदणीक्रमांक घ्यावा लागतो आणि त्या राज्याचा करही भरावा लागतो. तो कर किमतीत मिळवून पाहिला म्हणजे स्वस्त वाटलेली गाडी कित्येकदा तेवढी स्वस्त राहत नाही. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. आधीच्या मालकाच्या नावाने विमा घेऊन घाट चढणे शहाणपणाचे नाही.

श्रोतेहो, एकंदरीत सांगावयाचे ते एवढेच. गाडीचा सन म्हणजे नुसता आकडा नव्हे; त्या सनात गाडीत काय आले आणि काय गेले याची ती खूण आहे. आलेल्यापैकी आपल्या रस्त्याला आवश्यक काय, हे पाहून त्यासाठी पैसे मोजावेत. बाकीचे जुने राहिले तर राहू द्यावे. ज्या घरात गाडीची बोलणी चालू असतील, त्या घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे, की “किती किमतीची?” असे विचारण्यापूर्वी मुलाला “कोणत्या रस्त्यावरून आणि किती वाजता येणार आहेस?” असे विचारावे. त्या प्रश्नाच्या उत्तरातच योग्य सन दडलेला असतो. आणि गाडी कोणत्याही सनाची घेतली, तरी तिच्याबरोबर एक चांगले शिरस्त्राण घ्यावे. ते मात्र जुन्या बाजारातून आणू नये, नवेच घ्यावे.